मदत हवी आहे: ऑपर्च्युनिटीच्या फोटोंत क्षितिजावर दिसणारे उंचवटे नक्की कशाचे?

टेकडीवाला (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या आकाशदर्शन गटाचं दिवाळीनंतर शाळेत प्रदर्शन आहे. माझ्याकडे मंगळ आला आहे. नासाची मंगळावरची गाडी, म्हणजे ऑपर्च्युनिटी रोव्हर, व्हिक्टोरिया विवरातून ऑगस्ट २००८ च्या अखेरीस बाहेर पडला आणि ९ ऑगस्ट २०११ ला एन्डेव्हर या दुसऱ्या विवराच्या काठाला लागला. त्या तीन वर्षांत क्षितिज कसं बदलत गेलं, याची भिंतभर लांब पट्टी करायची आहे. नासाने सजवून दिलेले रंगीत पॅनोरमा मुद्दाम टाळतोय, ते सगळ्यांनी पाहिलेले असतात. रोव्हरने पाठवलेले मूळ काळे-पांढरे फोटोच जोडायचे आहेत.

अडलंय ते इथे. २००९ च्या मार्चच्या आसपासच्या पॅनकॅमच्या (रोव्हरच्या खांबावरचा जोडकॅमेरा) फोटोंत क्षितिजावर तीन-चार ठिकाणी बारीक उंचवटे आहेत आणि मधे सपाट रेघ. एन्डेव्हर २२ किमी व्यासाचं. लोणार जेमतेम १.८ किमीचं, तरी तिथे काठावर उभं राहिलं की सलग कडं दिसतं. मग इथे हे तुटक काय आहे? यातला अलीकडचा काठ कुठला, पलीकडचा कुठला, की हे दुसरंच काही? डाव्या आणि उजव्या कॅमेऱ्याचे फोटो एकमेकांवर ठेवून अंतर काढायला गेलो, तर उंचवटे दोन्हींत जागच्या जागी. चित्राखाली नावं लिहायची आहेत आणि शाळेतली पोरं हटकून विचारतात, म्हणून खात्री हवी.

---

खडीसाखर

छान विषय! वाचनखूण साठवली. मदत शून्य, सॉरी.

---

भूगर्भातला

तुटक का, एवढं सांगतो. लोणारशी तुलना इथे चालत नाही. लोणार भूशास्त्राच्या हिशेबात कालचं पोर, त्याचं कडं शाबूत आहे. एन्डेव्हर अब्जावधी वर्षं जुनं. ते तयार झाल्यावर मेरिडियानीच्या मैदानात (रोव्हर फिरला तो प्रदेश) सल्फेटयुक्त वालुकाश्माचे थर साचत गेले, विवर बरंचसं भरलं आणि काठाचे सखल भाग त्याखाली गाडले गेले. वर उरले ते काठाचे उंच तुकडे. केप यॉर्क, सोलँडर पॉइंट, केप ट्रिब्युलेशन हे असे सुटे तुकडे आहेत आणि मधल्या खिंडारांना बॉटनी बे वगैरे नावं दिली आहेत. नावं कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजाच्या सफरीतली.

रोव्हरला तिकडे न्यायचं कारणही हेच. ईगल, एन्ड्युरन्स, व्हिक्टोरिया या सगळ्या विवरांत त्याला नंतर साचलेले थरच भेटले. त्याखालचा जुना खडक एन्डेव्हरच्या काठावर उघडा पडलेला आहे, आणि तिथे चिकणमातीची खनिजं असल्याचं मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरने वरून टिपलं होतं.

---

पन्नाशीतला_पोरगा

आता अंतराचं बघू. दोन डोळ्यांचं गणित इथे का बसत नाही ते आधी. पॅनकॅमच्या दोन कॅमेऱ्यांत अंतर ३० सेंमी. एका पिक्सेलमध्ये सुमारे ०.२७ मिलिरेडियन (कोनाचं बारीक माप) मावतात. १२ किमीवरची वस्तू दोन्ही चित्रांत ०.०२५ मिलिरेडियनने सरकणार, म्हणजे पिक्सेलचा दहावा हिस्सासुद्धा नाही. ती जागची हलणारच नाही.

त्यापेक्षा रोव्हरलाच दोन डोळे समजा. आज एका जागी, महिन्याभराने दुसऱ्या. आणि इथे नशीब तुमच्या बाजूने आहे. एन्डेव्हर व्हिक्टोरियाच्या आग्नेयेला, पण सरळ वाटेत वाळूच्या मोठाल्या लाटा होत्या. २००५ मध्ये पर्गेटरी नावाच्या तसल्याच एका लाटेत चाकं रुतून रोव्हर कित्येक आठवडे अडकला होता, म्हणून चालकांनी आधी दक्षिणेकडे जाऊन मग पूर्वेला वळायचं ठरवलं. सरळ १२ किमीच्या जागी २० किमीच्या वर गाडी हाकावी लागली. पण सरळ नाकासमोर गेला असता तर उंचवटे नुसते मोठे होत गेले असते. तिरपा गेला म्हणून ते एकमेकांच्या तुलनेत आडवे सरकतात.

ढोबळ हिशेब: रोव्हर १ किमी दक्षिणेला गेला, तर आग्नेयेकडच्या वस्तूच्या दृष्टीने साधारण ७०० मीटर आडवा सरकला. १२ किमीवरचा उंचवटा सुमारे २१५ पिक्सेल हलेल, ३४ किमीवरचा ७५ च्या आसपास. हा फरक पट्टीने मोजता येतो. मात्र कोन फोटोच्या कडेपासून मोजू नका, कॅमेरा दर वेळी तंतोतंत त्याच दिशेला रोखलेला नसतो. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजा.

---

टेकडीवाला

हे भारी आहे! पण ३४ किमीवरचं काही दिसेल तरी का? मंगळ लहान, क्षितिज जवळ.

---

पन्नाशीतला_पोरगा

बरोबर शंका. मंगळाची त्रिज्या ३३९० किमी, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर. सपाट जमीन धरली तर क्षितिज ३.२ किमीवर संपतं. १२ किमीवरच्या वस्तूचे पायाकडचे ११ मीटर गोलाईआड जातात, ३४ किमीवरच्या वस्तूचे तब्बल १४०. म्हणजे पलीकडच्या काठाचे फक्त माथे दिसणार. केप ट्रिब्युलेशन मैदानापासून सुमारे १३५ मीटर उंच. ते समजा १२ किमीवर असतं, तर त्याचा वर दिसणारा भाग १०२४ पिक्सेलच्या फोटोत जेमतेम ३८ पिक्सेल भरला असता.

जमीन खरी सपाट नाही, हलका उतार आहे. मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या लेसरने मोजलेल्या उंचीचा नकाशा मिळतो, तो जोडून बघा.

---

मंगळवारकर

पूर्ण धागा वाचला. तुमच्या तीन-चार उंचवट्यांत एक परका पाहुणा असू शकतो. एन्डेव्हरच्या मागे इआझू नावाचं ७ किमीचं विवर आहे. मार्च २००९ मध्ये ते रोव्हरपासून ३८ किमीवर होतं आणि त्याचा काठ पॅनकॅममध्ये दिसत होता. एन्डेव्हरचा पलीकडचा काठ ३४ वर, हे ३८ वर. १ किमीच्या सरकण्यात या दोघांत ७-८ पिक्सेलचाच फरक पडेल, तेव्हा ३-४ किमी दूरचे दोन फोटो घ्या.

आणि केप यॉर्क त्या फोटोंत शोधत बसू नका. रोव्हर शेवटी एन्डेव्हरला जिथे टेकला ती जागा तीच, पण उंची मैदानापासून नावापुरती. ती कितीतरी उशिरा दिसायला लागली. आम्ही काही जण तेव्हा रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी नवे फोटो उतरले का बघायचो. नासा ते आले तसे वेबवर टाकत असे, शास्त्रज्ञांनी बघितले त्याच दिवशी आपणही बघायचे. केप ट्रिब्युलेशन दिवसेंदिवस फुगत चाललंय आणि जिथे जायचं ती टेकडी मात्र नाहीच, असं कित्येक महिने चाललं. आम्ही उपग्रहाचे फोटो घेऊन रोव्हर आज कुठल्या लाटेपाशी असेल यावर वाद घालायचो. मधे लोहाच्या उल्का सापडल्या, ब्लॉक आयलंड त्यातली मोठी. मार्च २०१० नंतर मंगळाच्या दुसऱ्या बाजूच्या स्पिरिटचा, म्हणजे जुळ्या रोव्हरचा, आवाज बंद झाला. म्हणून एन्डेव्हरला टेकल्या जागेचं नाव स्पिरिट पॉइंट ठेवलं.

पट्टीत सांता मारिया विवराचे फोटो जरूर घ्या, डिसेंबर २०१० चे. ९० मीटरचंच आहे, पण तिथे लांबचा काठ आणि जवळचे दगड एकाच चौकटीत येतात, आणि बघणाऱ्याला मोजमाप कळतं.

---

आडवाटेचा_प्रवासी

एक भाबडा प्रश्न. २० किमीला तीन वर्षं? आमच्या गावची एसटीसुद्धा यापेक्षा बरी.

---

मंगळवारकर

एसटीला सौर पॅनेलवर चालवून बघा. :) कमाल वेग सेकंदाला ५ सेंमी, तोही नुसत्या सपाटीवर. पुढचं उजवं चाक जास्त वीज ओढायला लागलं होतं, म्हणून बराच प्रवास उलटा, मागे मागे जात केला. शिवाय गाडी बनवली होती ९० मंगळदिवसांसाठी. एन्डेव्हरला पोहोचली २६८१ व्या दिवशी.

---

भूगर्भातला

धागाकर्त्यासाठी कामाचं: फोटोच्या फायलीचं नाव वाचायला शिका, निम्मी कटकट वाचेल. पहिला अंक १ असेल तर ऑपर्च्युनिटी, २ असेल तर स्पिरिट. पुढचं अक्षर कॅमेऱ्याचं, पॅनकॅमला ‘पी’, नॅव्हकॅमला (वाट शोधायचा कॅमेरा) ‘एन’. मग नऊ आकडे, ते २००० सालच्या १ जानेवारीच्या दुपारपासूनचे सेकंद. शेवटाकडे ‘एल’ किंवा ‘आर’ म्हणजे डावा-उजवा डोळा, आणि त्याला लागून फिल्टरचा आकडा. क्षितिजासाठी सगळीकडे एकच फिल्टर ठेवा, मी एल २ घेईन. वेबवरच्या फोटोंचा कॉन्ट्रास्ट आपोआप ताणलेला असतो, त्यामुळे शेजारचे दोन फोटो जुळत नाहीत. नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहात मूळ फायली आहेत, त्यांच्यासोबत कॅमेऱ्याची दिशा आणि रोव्हरची जागाही नोंदलेली असते.

---

टेकडीवाला

सगळ्यांचे आभार. संग्रहातून दोन जागांच्या फायली उतरवल्या, मधलं अंतर ३ किमीच्या वर. मधला रुंद उंचवटा भरपूर सरकला, तो अलीकडचा काठ. कडेचे दोन जेमतेम हलले. त्यातला इआझू कुठला हे उंचीच्या नकाशावरून ताडून बघतो.

शेवटचा प्रश्न: ३८ पिक्सेलचा डोंगर भिंतीवर दिसणार नाही. उभं प्रमाण वाढवलं तर फसवणूक होईल का?

---

पन्नाशीतला_पोरगा

तिप्पट करा आणि चित्रावरच ठळक लिहा, “उंची तिप्पट दाखवली आहे”. कोपऱ्यात खाली एक छोटी चौकट मूळ प्रमाणात ठेवा. मात्र सगळ्या पट्टीला एकच प्रमाण हवं. सांता मारियापर्यंत तिप्पट आणि पुढे दुप्पट केलंत, तर जवळ जाताना डोंगर बसका झालेला दिसेल.