ब्लड टेस्ट निगेटिव्ह आली तरी

ताई, बाळाच्या शीत रक्त दिसतंय पण ब्लड टेस्ट निगेटिव्ह म्हणून दुधाची अ‍ॅलर्जी नाहीच असं धरू नका, ती टेस्ट आयजीई (लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीमागची रक्तातली प्रतिपिंडं) बघते आणि हा प्रकार बहुतेक वेळा आयजीईशिवायचा असतो. माझ्या लेकीच्या लंगोटात शेंबडासारखी शी आणि त्यात लाल रेघा, बघून पोटात गोळा यायचा. डॉक्टरांनी माझ्याच खाण्यातलं दूध, दही, ताक, पनीर, बिस्किटंसुद्धा ४ आठवडे बंद केली, अंगावर पाजणं मात्र चालूच. रेघा थांबल्या, मग त्यांच्याच सांगण्यावरून परत दूध घेतलं तर तिसऱ्या दिवशी पुन्हा रेघा, तेव्हा कुठे निदान पक्कं झालं. अंगावर गांधी किंवा श्वासाचा त्रास झाला असेल तर मात्र असं परत दूध घेऊन बघणं घरी अजिबात करू नका. आणि शेळीचं दूध नको, त्यातली प्रथिनं जवळपास गाईच्या दुधासारखीच असतात.