रिप सोडून ओएसपीएफ घ्यावे का?

प्रश्न
आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात आणि अकरा शाखांत रिप या राउटिंग प्रोटोकॉलची (राउटरांनी आपसात माहिती देऊन मार्ग ठरवण्याच्या पद्धतीची) दुसरी आवृत्ती चालू आहे. एका शाखेला मुख्य कार्यालयाशी थेट जोडणारी २ एमबीपीएसची जुनी लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली खास लाइन) होतीच. आता शेजारच्या शाखेमार्फत १०० एमबीपीएसचे फायबरही आले आहे. तरीही सगळे ट्रॅफिक जुन्या लाइनवरूनच जाते आणि दुपारच्या गर्दीत व्यवहार अडकतात. राउटर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. ओएसपीएफ, ईआयजीआरपी आणि बीजीपी या इतर राउटिंग प्रोटोकॉलांपैकी काय घ्यावे?

प्रतिसाद १
रिप फक्त वाटेतले हॉप (एका राउटरपासून पुढच्या राउटरपर्यंतचे टप्पे) मोजतो, लाइनचा वेग त्याला दिसतच नाही. त्यामुळे एका हॉपची संथ लाइन त्याला दोन हॉपांच्या फायबरपेक्षा जवळची वाटते. ओएसपीएफमध्ये प्रत्येक लिंकला कॉस्ट (एक आकडा; ज्या मार्गाची बेरीज कमी, तो निवडला जातो) असते आणि सिस्को कंपनीच्या राउटरवर ती मुळात १०० एमबीपीएसला लिंकच्या वेगाने भागून काढली जाते. म्हणजे थेट लाइनची कॉस्ट ५० आणि फायबरच्या दोन टप्प्यांची मिळून २. शिवाय पलीकडचा राउटर गप्प झाला, पण आपला पोर्ट चालूच दिसत राहिला, तर रिप तो मार्ग रद्द करायला १८० सेकंद घेतो. इथरनेटवर ओएसपीएफ ४० सेकंदांत शेजारचा राउटर बंद पडला असे ठरवतो. काउंटरवर माणसे उभी असताना हा फरक फार मोठा आहे.

प्रतिसाद २
वरील हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक खाच आहे आणि तिच्यापायी मी एक अख्खी रात्र घालवली आहे. ओएसपीएफ लाइनचा खरा वेग मोजत नाही, तो पोर्टवर नोंदलेली बँडविड्थ पाहतो. सेवा २ एमबीपीएसची असली, तरी ती १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टवर दिलेली असेल, तर तिची कॉस्ट १ येईल, आणि २ पेक्षा १ कमी असल्यामुळे ट्रॅफिक पुन्हा जुन्याच लाइनवर जाईल. म्हणून कॉस्ट हाताने लिहावी आणि दोन्ही टोकांना लिहावी, कारण ती प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र असते. गिगाबिट पोर्ट असतील, तर हिशेबाचा १०० एमबीपीएसचा आधारही सर्व राउटरांवर सारखाच वाढवावा. नाहीतर १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस यांची कॉस्ट एकच येते.

प्रतिसाद ३
ईआयजीआरपी पर्यायी मार्ग आधीच तपासून ठेवतो, म्हणून तो मला मनापासून आवडतो. पण तो मूळचा सिस्कोचा आहे आणि २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजातून खुला झाल्यावरही इतर कंपन्यांच्या राउटरांत क्वचितच मिळतो. बीजीपी स्वायत्त (वेगवेगळ्या संस्थांच्या स्वतंत्र) नेटवर्कांमधील मार्गांच्या धोरणासाठी आहे आणि बँडविड्थ तोही पाहत नाही. दोन इंटरनेट पुरवठादार आणि स्वतःचे सार्वजनिक पत्ते असतील, तेव्हा त्याचा विचार करावा.

प्रश्नकर्ता
आत्ताच पाहिले. जुनी लाइन १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टवरच आहे. रविवारी ओएसपीएफ सुरू करताना तिच्या दोन्ही टोकांना कॉस्ट ५० लिहीन.