दोन पद्धती जोडून ब्लॉक कोपॉलिमर : गरज की हौस?

तापीकाठचा मास्तर
एमएस्सीच्या प्रोजेक्टला दरवर्षी एक तरी पोरगं हाच विषय घेऊन येतं : दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे टोकाला टोक जोडून एकच साखळी, म्हणजे ब्लॉक कोपॉलिमर, आणि तेही दोन वेगळ्या पद्धतींनी. आधी कॅप्रोलॅक्टोन या वलयाकार रेणूचं वलय उघडून एक साखळी करायची, मग टोकाला ब्रोमीन बसवून एटीआरपीने (तांब्याच्या मदतीने काबूत ठेवलेल्या रॅडिकल पद्धतीने) पुढे स्टायरिन जोडायचं. कागदावर झकास. यंदा पहिली साखळी टिन ऑक्टोएट या उत्प्रेरकावर 110 अंशांना छान झाली, पण सगळ्या टोकांना ब्रोमीन बसलंच नाही. जीपीसीत (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीत) आलेखाच्या मुख्य शिखराला लागून, कमी वजनाच्या बाजूला, पुढे न वाढलेल्या साखळ्यांचं हे एवढं कुबड! वर तांब्याने माल हिरवट झालेला. ॲल्युमिनाच्या दोन कॉलममधून काढला तरी रंग हटेना. त्यापेक्षा रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्त्सने 1956 मध्ये दाखवलं तसं ॲनायनिकने (साखळीच्या टोकावर ऋण भार ठेवून वाढवायच्या पद्धतीने) एकापाठोपाठ मोनोमर, म्हणजे साखळीचे सुटे रेणू, घाला. चपलेच्या सोलमधलं, डांबरातलं एसबीएस (स्टायरिन-ब्युटाडाइन-स्टायरिन) कुठे दोन पद्धतींनी होतं?

केळीबाग
सर, स्टायरिन आणि ब्युटाडाइन दोघंही ॲनायनिकला दाद देतात, म्हणून ते जमतं. कॅप्रोलॅक्टोन रॅडिकलला ढिम्म हलत नाही, आणि टिन ऑक्टोएट स्टायरिनला हातही लावत नाही. स्टायरिनच्या ॲनायनिक टोकावर कॅप्रोलॅक्टोन घ्याल, तर ते टोक इतकं तापट की तयार होणाऱ्या एस्टरच्या साखळीलाच चावतं. मग जोडायला नको? कुबड हा पद्धतीचा दोष नाही, टोक बदलायच्या पायरीचा आहे. ती पायरीच गाळा. एका अंगाला हायड्रॉक्सिल आणि दुसऱ्या अंगाला ब्रोमीन असलेला इनिशिएटर (साखळी सुरू करणारा रेणू) घ्या. हायड्रॉक्सिलपासून वाढणारी साखळी जन्मतःच ब्रोमीन घेऊन येईल.

चटईवाला, एमआयडीसी
राम राम मंडळी. आमच्याकडे ‘ब्लॉक’ म्हणून पीपीचा (पॉलिप्रोपिलिनचा) जो दाणा येतो, त्यात खरे ब्लॉक नावालाच. बहुतेक पीपीत मिसळलेलं रबरच असतं. आमचं दुखणं वेगळं : पीपीच्या भंगारात पॉलिथिन आलं की चटईची पट्टी काडीसारखी तुटते. 2017 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठवाल्यांनी या दोघांच्या ब्लॉकची साखळी केली. मिश्रणात ती एक टक्का घातली तरी माल चिवट झाला. तेही एकाच उत्प्रेरकावर, पाळीपाळीने वायू सोडून. मास्तरांचा मुद्दा मला पटतो भो. टनाने माल काढायचा तर दुसरी पद्धत म्हणजे दुसरा खर्च.

केळीबाग
दादा, इथिलिन-प्रोपिलिन भाऊभाऊ, एका ताटात जेवतात. आमचं लग्न परक्या घरातलं आहे. आणि आम्हाला टन नको, पाच ग्रॅम पुरे.

तापीकाठचा मास्तर
ताई, तुझ्या दुतोंडी इनिशिएटरलाही एक शत्रू आहे : पाणी. पाण्यालाही हायड्रॉक्सिल असतंच. मोनोमर नीट कोरडा नसेल तर पाणी आपल्या साखळ्या सुरू करतं, त्यांना ब्रोमीन कुठून येणार? म्हणजे कुबड परत हजर. आणि आमच्या लॅबमध्ये श्रावणात सिलिका जेलसुद्धा ओल धरून निळ्याचं गुलाबी होऊन बसतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कॅप्रोलॅक्टोन पाणी खाणाऱ्या कॅल्शियम हायड्राइडवर ठेवून, डिस्टिल करून एकदा घेऊ. आलेख इथेच टाकतो, कुबडासकट.

केळीबाग
टाका. फ्लास्क तेवढे रात्रभर ओव्हनमध्ये ठेवायला सांगा, मुलं विसरतात. मीही विसरायचे.