‘निम्मा-निम्मा ताबा सक्तीचा करा’ या मागणीला विरोध

मुळाकाठ :
आई-वडील विभक्त झाले की अपत्याचा ताबा दोघांना निम्मा-निम्मा देण्याची सक्ती कायद्यानेच करावी, कारण आपली न्यायालये बापाला केवळ पैसे पुरवणारा इसम समजतात, अशा आशयाचे लेखन काल येथे झाले. त्याला मिळालेली वाहवा पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कायदा सरसकट आईच्या बाजूचा आहे, हे विधान अर्धवट माहितीवर बेतलेले आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून पहिले नाव बापाचेच आहे, आणि बाप हयात असतानाही आई पालक असू शकते हे गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करेपर्यंत 1999 साल उजाडले. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, एवढेच काय ते झुकते माप. त्यापुढे कलम 13 नुसार मुलाचे हित सर्वोपरी, आणि त्यात आई-बाप दोघेही उमेदवारच.

आता ‘निम्मा’ याचा व्यवहार पाहा. आई माहेरी सांगलीला, बाप नोकरीनिमित्त पुण्यात. मग मुलाने पंधरवड्याला शाळा बदलायची काय? दोन्ही घरे एकाच शहरात असली, तरी बुधवारी हडपसरला राहिलेली गणिताची वही गुरुवारी चिंचवडच्या घरी कोण पोहोचवणार, याचे उत्तर एकाही समर्थकाने दिलेले नाही. ही वाटणी मुलाच्या दिनक्रमाची नाही. आई-बापांच्या हिश्शांची आहे.

पहिलातिसराशनिवार :
कलमे आपण बिनचूक दिली आहेत, त्याबद्दल आभार. त्यांच्या अंमलबजावणीचा अनुभव मात्र आपल्याला दिसत नाही.

माझ्या बाबतीत अंतरिम आदेश झाला तो असा : पहिला व तिसरा शनिवार, न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत. खोलीत एक प्लास्टिकची घसरगुंडी, भिंतीवर रंग उडालेला मिकी माऊस, आणि दाराशी रजिस्टर घेऊन बसलेल्या बाई, ज्या आत जाताना व बाहेर येताना सही घेतात. एका शनिवारी मुलीला ताप असतो, दुसऱ्या शनिवारी चाचणी परीक्षा, नंतर तर ‘तिलाच यायचे नाही’ असा निरोप येतो. आदेशभंगाची दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीसाठीचा अर्ज, केली, तर तिला तारखा पडत राहतात. अखेरीस मूळ अर्ज सुनावणीला आला की 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार न्यायाधीश समंजस वयाच्या मुलाचे मत विचारात घेऊ शकतात. ज्या मुलीला माझ्याशी धड बोलूच दिले नाही, तिने काय मत द्यावे अशी आपली अपेक्षा आहे?

विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणण्याची शिफारस केली आहे. ते सगळे भावनेच्या भरात वाहून गेलेले बाप होते काय?

तिखटमीठ :
भेटीचा हक्क तोंडपाठ असणाऱ्यांना शाळेची फी भरण्याची तारीख मात्र कधीच आठवत नाही, याचे मला फार नवल वाटते. माझ्या मुलाच्या वडिलांनी पोटगीचा अर्ज दाखल होताच नोकरीचा राजीनामा दिला आणि ‘सध्या वडिलांवर अवलंबून आहे’ असे शपथपत्र केले. भेटीला येताना हेच गृहस्थ रिमोटवर चालणारी मोटार आणतात. मुलगा आठवडाभर ‘बाबा किती चांगले’ म्हणत फिरतो, आणि मी थकलेल्या फीबद्दल शाळेच्या कार्यालयात हात जोडून उभी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंनी मालमत्ता व उत्पन्नाचे तपशीलवार शपथपत्र देणे बंधनकारक झाले खरे, पण खोटे लिहिणाऱ्याचा हात कोण धरतो?

पहिलातिसराशनिवार :
माझी पोटगी दरमहा बँकेतून जाते, त्यामुळे आपल्या माजी पतीचा राग कृपया माझ्यावर काढू नये. आणि नसती दिली, तरी भेट नाकारता येत नाही. बाप तिकीट काढून नाटकाला येत नसतो.

तिखटमीठ :
नाटक आमच्याकडे दरमहा फुकटच चालू असते.

काळाकोट :
कुटुंब न्यायालयात रोज उभा राहतो, म्हणून लिहितो. पोटगी आणि भेट हे दोन स्वतंत्र विषय आहेत. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 होते, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 आहे. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट मिळत नाही म्हणून ती थांबवता येत नाही. तरीही दोन्हीकडचे अशील नेमके हेच करतात आणि तडजोडीच्या वेळी एकाचा सौदा दुसऱ्याशी लावतात, हे मी नाकारणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. संमतीच्या अटींत ‘दोघांच्या सोयीनुसार भेट’ असे एक ओळीत लिहून मोकळे होणाऱ्या माझ्याच व्यवसायबंधूंनी निम्मे तंटे निर्माण केले आहेत. दिवाळीच्या सुट्टीचा कोणता भाग कोणाकडे, मे महिन्यात रात्रीचा मुक्काम किती दिवस, मूल कुठून घ्यायचे व कुठे सोडायचे, पासपोर्ट कोणाच्या कपाटात, हे सारे लिहायला हवे. यशिता साहू प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भेटीचा तपशील आदेशात स्पष्ट असावा, असेच म्हटले, आणि व्हिडिओ कॉलसारख्या संपर्काचीही दखल घेतली.

वर्ध्याचेआजोबा :
त्या व्हिडिओ कॉलमध्ये आजी-आजोबांना डोकावता येईल, असेही एक वाक्य कोणी घालेल काय? नातू समोर असतो आणि मागून कोणीतरी ‘आता पुरे’ म्हणते.

मेलबर्नवासी :
सक्तीची भलामण करणाऱ्यांसाठी : ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये पालकांच्या समान जबाबदारीचे गृहीतक कायद्यात आणले. त्याचा अर्थ लोकांनी ‘निम्मा वेळ माझा’ असा घेतला, आणि छळातून बाहेर पडलेल्या बायका त्याच दडपणाखाली नको त्या तडजोडी करू लागल्याची तक्रार येथे वर्षानुवर्षे होत राहिली. अखेर 2023 च्या दुरुस्तीने ते गृहीतक काढले. मे 2024 पासून ते नाही.

मुळाकाठ :
हेच मी म्हणत होतो. मात्र पहिलातिसराशनिवार यांचा दरखास्तीचा मुद्दा खोडता येत नाही, हे नाइलाजाने नोंदवतो. तो दोष अंमलबजावणीचा आहे. निम्म्या ताब्याचा आदेशही त्याच दरखास्तीच्या रांगेत जाऊन उभा राहील.

पहिलातिसराशनिवार :
नाइलाजाने का होईना, आपण नोंद घेतलीत, हे आमचे भाग्यच. ठीक आहे, निम्म्या ताब्याची मागणी बाजूला राहू द्या. अंतरिम अर्जाचा निर्णय ठरावीक मुदतीत द्यावा आणि विनाकारण बुडवलेल्या प्रत्येक भेटीची भरपाई नवा अर्ज न करता पुढच्या महिन्यात मिळावी, एवढे कायद्यात लिहिण्यास तरी विद्वज्जनांची हरकत नसावी.

तिखटमीठ :
त्याच कलमात बुडवलेल्या हप्त्याचीही भरपाई नवा अर्ज न करता थेट पगारातून वळती होईल असे लिहा, मग पहिली सही माझी.