मदत हवी आहे: डाळमिलच्या मेन पॅनेलला बसबार ॲल्युमिनियमचा की तांब्याचा? (जळगाव)

राम राम मंडळी,

जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. तुरीची खरी घाई मार्च ते मे, म्हणजे नेमकी ऊन भाजून काढतं तेव्हा. यंदा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसतोय (११ केव्ही/४३३ व्होल्ट) आणि मेन पॅनेलही नवं करायचंय. पॅनेल एकदा उभं राहिलं की आतल्या बसबारकडे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांकडे, वर्षानुवर्षं कोणी बघत नाही, म्हणून ऑर्डर देण्याआधीच विचारतोय.

पॅनेलवाल्याने दिलेलं असं आहे: इनकमर (वीज आत घेणारा मुख्य स्विच) ८०० अँपिअरचा एसीबी, म्हणजे एअर सर्किट ब्रेकर, दर फेजला १०० × १० मिमीची एक ॲल्युमिनियम पट्टी, न्यूट्रल फेजच्या पट्टीच्या अर्धा, पेटी आयपी ५४ (धूळ-पाणी आत न येऊ देणारी बंद). हिशेब विचारला तर म्हणाला, "चौरस मिमीला ०.८ अँपिअर धरतो, हजाराला ८०० झाले." ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट ६६७ अँपिअर येतो, म्हणजे कागदावर भागतंय.

माझं अडलंय ते तापमानाशी. पॅनेलचं मानक, आयएस/आयईसी ६१४३९, भोवतालची हवा जास्तीत जास्त ४० अंश आणि चोवीस तासांची सरासरी ३५ धरतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो, वर आमची पॅनेलची खोली पत्र्याची. दुपारी आत ५० धरावेच लागतील. पट्टी ८५ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं, तर ४० च्या खोलीत तिला ४५ अंश तापायला वाव आहे, ५० च्या खोलीत फक्त ३५. ढोबळ वर्गमूळाने करंट ०.८८ पट होतो, म्हणजे ८०० चे ७०५. तरीही निभावतं. पण मुळात ते ८०० बंद पेटीतले की मोकळ्या हवेतले, याचं उत्तर मिळत नाही.

पेटी उघडी ठेवायची सोय नाही. टरफलांची बारीक पूड सगळीकडे बसते, पंख्याची जाळी बघता बघता बुजते. घरचे म्हणतात, तांबं घाल आणि मोकळा हो. ६० × १० तांबं घातलं तर मीटरला सुमारे ५.४ किलो, ॲल्युमिनियम १०० × १० ला २.७ किलो. वजन दुप्पट आणि किलोचा भाव कितीतरी जास्त. एवढा पैसा घालून पॅनेल खरंच थंड राहील का? आणि एलईडी दिवे, सॉर्टेक्स (रंगावरून डाळ निवडणारं यंत्र), मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह वाढलेत, तर अर्धा न्यूट्रल चालेल का?

सातपुडा_वायरमन:
भाऊ, तांब्याच्या नादी लागू नका. ६६७ अँपिअरला तुमच्या ॲल्युमिनियम पट्टीत मीटरमागे, फेजमागे साधारण १८ वॉट उष्णता निघेल, ६० × १० तांब्यात १६. फरक नगण्य, उलट तांब्याची पट्टी अरुंद असल्याने उष्णता सोडायला पृष्ठभाग कमी. जागेची अडचण असेल तरच तांबं.

खरी अडचण एसीबीची दिसते. १६०० अँपिअरपर्यंतच्या पॅनेलची तापमानवाढ प्रत्यक्ष चाचणीऐवजी हिशेबाने सिद्ध करायची मुभा मानकात आहे, पण त्या वाटेने गेलात तर ब्रेकर त्याच्या रेटिंगच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरायचा. ८०० चे ८० टक्के ६४०. तुम्हाला हवेत ६६७. म्हणून एक तर याच आकाराच्या बंद पेटीचा तापमान चाचणीचा अहवाल मागा, नाही तर १००० चा एसीबी घ्या. "आम्ही नेहमी असंच करतो" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

शॉर्ट सर्किटचंही बघा. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (करंटला आतला अडथळा) ४.५ टक्के असेल तर फॉल्ट करंट सुमारे १५ केए (१५ हजार अँपिअर) आणि पहिला झटका त्याच्या दुप्पट, ३० केए. एक सेकंदासाठी ॲल्युमिनियमचं क्षेत्रफळ १९० चौरस मिमीच्या आसपास पुरतं, तुमचं हजार आहे, त्यामुळे पट्टी वितळायची भीती नाही. पण त्या झटक्यात पट्ट्या एकमेकींना जोरात ढकलतात. म्हणून एसएमसीचे (फायबर मिसळलेल्या इन्सुलेटिंग प्लास्टिकचे) सपोर्ट किती अंतरावर आहेत आणि त्या अंतराला किती केए सिद्ध झालेत, हे ड्रॉइंगवर लिहून घ्या.

न्यूट्रल पूर्ण घ्या. ड्राइव्हमुळे नाही, सिंगल फेज एलईडी आणि सॉर्टेक्सच्या पॉवर सप्लायमुळे. त्यांचा तिसरा हार्मोनिक (५० च्या तिप्पट, १५० हर्ट्झचा करंट) न्यूट्रलमध्ये वजा न होता बेरजेत येतो.

तापीकाठ:
जोडांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पट्टी बारीक पडल्याने जळालेलं पॅनेल मी क्वचित पाहिलंय, जोडापाशी काळं पडलेलं नेहमी. ॲल्युमिनियम घासल्याबरोबर त्यावर पुन्हा ऑक्साइड धरतो, म्हणून काँटॅक्ट ग्रीस लावूनच ब्रशने घासायचं आणि लगेच आवळायचं. साधे स्प्रिंग वॉशर नकोत, बेलव्हिल (बशीच्या आकाराचे) वॉशर घाला, कारण ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसतं. टॉर्क पान्यानेच आवळा, बोल्टवर रंगाची रेघ मारा. दरवर्षी उगाच पिळत बसू नका, त्याने धातू आणखी दबतो. भर मोसमात पूर्ण लोडवर थर्मल कॅमेऱ्याने बघा, शेजारच्या फेजपेक्षा गरम दिसेल तेवढाच जोड उघडा. तांब्याच्या लिंकला ॲल्युमिनियम लागत असेल तर टिन केलेली लिंक घ्या.

आणि कॅपॅसिटर त्याच पेटीत कोंबू नका, त्यांची उष्णता पट्ट्यांच्या माथी येते.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. ॲल्युमिनियमच ठेवतोय, एसीबी १००० चा, न्यूट्रल पूर्ण, कॅपॅसिटर वेगळ्या पेटीत. तांब्याचे वाचलेले पैसे खोलीवर घालायचे असा विचार आहे: मिलच्या हॉलपासून लांब, विटांची, वर स्लॅब, आणि स्वच्छ बाजूने गाळलेली हवा आत ढकलणारा पंखा, म्हणजे पूड आत शिरणारच नाही. अशा खोलीत आयपी ५४ ऐवजी आयपी ४२ ची पेटी चालेल का? खालच्या-वरच्या झरोक्यांची जागा कशी ठरवावी, कोणी केलं असेल तर सांगा. ड्रॉइंग आलं की इथे टाकतो.