मदत हवी आहे: खडपावर गळाने मासे गरवताना डोक्यावर ड्रोन येऊन थांबतो, काय करता येईल?

खडपकर
ठिकाण: रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खाडीच्या तोंडाशी असलेलं खडप (खडकाळ किनारा), सगळ्यांना खुलं. वेळ: सकाळी साडेसात ते नऊ, सुकती (ओहोटी) लागल्यावर. सामान: १० फुटी रॉड, पीई ३ ब्रेड (विणलेली बारीक दोरी), ४० ग्रॅमचा पॉपर (पाण्यावर ओढायचं नकली आमिष), तांबोशी आणि गोबरा या माशांसाठी. बाजूला दोघं-तिघं तंगूस (नायलॉनची दोरी) आणि शिशाचं वजन लावून कोळंबीवर गरवतात.

शनिवार-रविवारी कड्यावरच्या रिसॉर्टकडून ड्रोन येतो. आधी उंचावर फिरतो, मग १० मीटरच्या आत उतरून कॅमेरा आमच्याकडे वळवून चार-पाच मिनिटं जागच्या जागी थांबतो. कालवं काढायला आलेल्या बायकांवरही तसाच थांबतो, आणि ते जास्त खटकतं.

माशांवर याचा खरंच परिणाम होतो का? किती अंतरावरून चेहरा ओळखू येतो? तक्रार कुठल्या नियमाखाली करायची? शिसं मारून पाडायची भाषा इथं सुरू झाली आहे. ती थांबवायची तर हातात काहीतरी ठोस हवं.

सुकती_भरती
आधी माशांचं. आपल्याला कानठळ्या बसवणारा आवाज पाण्यात फारसा जात नाही. हवेतला आवाज पाण्यावर जवळजवळ सरळ, म्हणजे उभ्या रेषेपासून साधारण १३ अंशांच्या आत पडला तरच आत शिरतो, बाकीचा वरच्या वर परततो. ड्रोन १० मीटरवर असेल तर त्याच्या बरोब्बर खाली सव्वादोन-अडीच मीटर त्रिज्येचं वर्तुळ, ३० मीटरवर असेल तर सात मीटरचं. लाटा असल्या की थोडं फैलावतं, इतकंच.

मासा बुजतो तो सावलीने. उथळ, नितळ पाण्यात सरकती सावली म्हणजे घार किंवा समुद्रगरुड, हे बोयीच्या पिल्लालाही कळतं. तुमची वेळ इथं नडते. कोकण किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीकडून, पूर्वेकडून येतं. सूर्य ३० अंशांवर असताना १० मीटर उंचीवरच्या ड्रोनची सावली पश्चिमेला १७ मीटरवर पडते. म्हणजे ड्रोन तुमच्या डोक्यावर आणि सावली नेमकी पाण्यात, पॉपरच्या मागे आलेला मासा खडपाजवळ वळतो तिथे. संध्याकाळी उलटं, डोक्यावरच्या ड्रोनची सावली मागे जमिनीवर जाते. त्यामुळे त्याच उंचीवरचा ड्रोन संध्याकाळी मासेमारीला तितका नडत नाही.

उंची वाढली की सावली विरते. सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे, म्हणून सावलीची कड दर मीटरला साधारण १ सेंटिमीटर पसरते. २० मीटर उंची म्हणजे तिरप्या उन्हात ४० मीटर अंतर. तळहाताएवढ्या ड्रोनची सावली तिथे इतकी पुसट होते की माशाला कळायचीही नाही. तीन-चार मीटरपर्यंत उतरला तर पंख्यांच्या वाऱ्याने पाण्यावर चुरचुरी उठते, ती वेगळी. थोडक्यात, ड्रोनवाल्याकडे «इथून जा» असं न मागता «३० मीटरच्या खाली येऊ नका» असं मागा. ते मान्य होण्यासारखं आहे.

कॅमेरा_आणि_काटा
चेहऱ्याचा हिशेब देतो. बहुतेक लहान ड्रोनना २४ मिलिमीटरची रुंद लेन्स असते. १०० मीटरवरून तिच्यात सुमारे १५० मीटर रुंदीचा पट्टा येतो. ४के चित्र ३८४० ठिपके रुंद, म्हणजे एका ठिपक्यात ४ सेंटिमीटर. चेहरा चार ठिपक्यांचा, कोण आहे ते आईलाही कळणार नाही. २० मीटरवर तोच चेहरा १९-२० ठिपक्यांचा होतो, ओळखीचा माणूस ओळखतो. १० मीटरवर जवळजवळ चाळीस, म्हणजे कोणीही ओळखेल. मात्र काही मॉडेलांना ७० मिलिमीटरची दुसरी लेन्स असते. तिच्यातून ६० मीटरवरचं चित्र साध्या लेन्सच्या २० मीटरसारखं दिसतं. म्हणून नुसतं «लांब आहे ना» पुरत नाही, कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे तेही बघायचं.

आता उडवणाऱ्यांच्या बाजूची एक गोष्ट. त्यांना तुमची दोरी दिसत नाही. पीई ३ ब्रेड पाव मिलिमीटरच्या आसपास जाड. २० मीटरवर चित्राचा एक ठिपकाच ८ मिलिमीटरचा. पडद्यावर रॉड दिसतो, पण त्याच्या पुढे ५०-६० मीटर ताणलेली दोरी दिसत नाही, आणि उडवणारा नेमका त्याच बाजूने «समुद्राकडून माणूस» असा शॉट घ्यायला येतो. ब्रेड पंख्यात गेली की मोटरच्या दांड्यावर गुंडाळते आणि ड्रोन खाली येतो.

असं झालं तर रॉड उचलून झटका देऊ नका. रीलची कमान उघडून दोरी मोकळी सोडा आणि कात्रीने कापा. ब्रेड हाताला गुंडाळून ओढायची नाही, बोट चिरतं. खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी आतून शॉर्ट होऊन बऱ्याच वेळाने पेट घेऊ शकते. ती पिशवीत किंवा गाडीत ठेवायची नाही, उघड्या खडकावर माणसांपासून लांब ठेवायची.

घाटमाथा
जॅमर मिळतो म्हणे ऑनलाइन. तो चालेल का?

कायद्याची_बाजू
नाही. खासगी माणसाने जॅमर बाळगणंच बेकायदा आहे. शिवाय सिग्नल तुटलेला ड्रोन कुठे पडेल ते तुमच्या हातात नसतं, खाली तीच कालवंवाली माणसं.

शिसं मारणाऱ्यांना हे सांगा: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली नुकसान २० हजार ते १ लाखापर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, १ लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. चांगल्या ड्रोनची किंमत सहज या आकड्यांत जाते. तक्रारदार तुम्ही होता, आरोपी तुम्हीच व्हाल.

खासगीपणाचं स्पष्ट सांगतो, कारण इथे अपेक्षाभंग होतो. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क मानला, आणि माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून तो हक्क संपत नाही असंही म्हटलं. पण खुल्या खडपावर मासे धरणाऱ्याचं चित्रण केलं एवढ्यावर थेट गुन्हा दाखल होईल असं कलम नाही. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही व्यक्तीच्या घरगुती वापराला सूट आहे. रिसॉर्टच्या जाहिरातीसाठी चित्रण असेल तर ती सूट लागत नाही, हे लक्षात ठेवा. बायका कपडे बदलत असताना किंवा तशाच खासगी क्षणी चित्रण झालं तर गोष्टच वेगळी. तिथे न्याय संहितेचं कलम ७७ लागतं, आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची कैद आहे.

म्हणून रोजच्या त्रासासाठी सुरक्षिततेचा मुद्दा धरा, तो पक्का आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे कोणाच्याही जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा ड्रोन उडवता येत नाही. २५० ग्रॅमच्या आतला असला तरी हे बंधन आहेच. हरित क्षेत्रातही, म्हणजे आधी परवानगी लागत नाही तिथेही, कमाल उंची ४०० फूट. २५० ग्रॅम ते २ किलोचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर तुमचं खडप लाल किंवा पिवळ्या भागात येतं का तेही बघा, कारण विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत. जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार कृत्यासाठी न्याय संहितेचं कलम १२५.

पुरावा असा जमवा: घड्याळाची वेळ, ड्रोन कुठून आला आणि कुठे परतला, आणि एकाच चौकटीत ड्रोन, माणूस व रॉड येईल असा मोबाइलवरचा व्हिडिओ. रॉड १० फुटी, त्यामुळे उंची मापायला तीच पट्टी होते. बॅटरी साधारण अर्धा तास पुरते, म्हणजे तेवढ्या वेळात तो उडवणाऱ्याकडे परतणारच. एकाने त्या दिशेला चालत जावं. लगेच धोका असेल तर ११२, नाहीतर सागरी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, आणि पोच घ्यायचीच.

खडपकर
सावलीचा हिशेब आमच्या जागेला तंतोतंत लागू पडतो, मासा खडपाजवळ येऊनच वळतो. पोलिसांआधी रिसॉर्टवाल्यांना एक कागद द्यावा म्हणतो. त्यात काय लिहू?

कायद्याची_बाजू
धमकी नको, आकडे लिहा. गावच्या सरपंचांची सही मिळाली तर उत्तम. एवढं पुरे:

«आपल्या आवारातून उडणारा ड्रोन खडपावर १० मीटरच्या आत येतो. येथे ६० मीटरपर्यंत दोऱ्या ताणलेल्या असतात, त्या पडद्यावर दिसत नाहीत. दोरीत अडकून ड्रोन पडल्यास खाली कालवं काढणाऱ्या बायका आहेत. कृपया सकाळी ६ ते ९:३० खडपावर व त्यापुढच्या १०० मीटर पाण्यावर ड्रोन आणू नये. इतर वेळी ३० मीटरच्या खाली येऊ नये, माणसांवर कॅमेरा रोखून थांबू नये. चित्रण हवे असल्यास आधी खाली येऊन विचारावे. ड्रोनचा नोंदणी क्रमांक व उडवणाऱ्याचा मोबाइल क्रमांक आम्हास कळवावा.»

दोन प्रती करा. एकीवर त्यांची तारखेसह सही घ्या. सही दिली नाही तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा.