कंपनी बंद होतेय, राजीनाम्यावर सही मागतायत, सरकार काही करतं का?

सिडकोची_वहिनी: नमस्कार, मिस्टर नाशिकला अंबडमध्ये एका कंपनीत १७ वर्षं परमनंट आहेत, नाव नाही लिहीत. १४० परमनंट आहेत आणि कंत्राटी पोरं वेगळी, त्यात माझे दीरही आहेत, त्यांना १४ हजार मिळतात. मागच्या सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेले तर कँटीन बंद आणि एचआरवाला टेबल टाकून बसलेला, एकेकाला बोलावून सांगतोय की प्लांट बंद होणार, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्या, सगळं धरून ५ लाख, शुक्रवारपर्यंत सही करा नाहीतर तेही मिळणार नाही. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू, पण आमचा हप्ता आहे घराचा, मुलगी बारावीला. आमदारांना निवेदन दिलं, फोटो काढले, लक्ष घालतो म्हणाले. सरकारची परवानगी लागते ना बंद करायला? की असंच करू शकतात?

जुना_युनियनवाला: ताई सही अजिबात करू देऊ नका. १०० च्या वर कामगार असले की राज्य सरकारची परवानगी घेतल्याशिवाय बंद करताच येत नाही. आम्ही २००९ ला लेबर ऑफिसला जाऊन अर्ज अडवलाय.

खरडपट्टी: काका, तो नियम गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झालाय, आता परवानगी ३०० च्या वर. गंमत म्हणजे १९७६ ला कायदा आला तेव्हाही ३००च होते, १९८४ पासून १०० केले, आता परत ३००. वहिनींचे १४० त्यात बसत नाहीत. कंत्राटी पोरं धरून आकडा वाढतो का ते वकिलाला विचारा, त्यावरच भांडण होतं. पण ५० च्या वर असले की ६० दिवस आधी सरकारला नोटीस द्यावीच लागते, ती दिलीय का ते विचारा. आणि परवानगी लागली तरी ६० दिवसांत सरकारने काही कळवलं नाही तर मिळाली असं धरतात, त्यामुळे फार आशाही नको.

तळेगावकर: परवानगी असो नसो, प्लांट काय कायद्याने चालत नाही हो. आमच्याकडे जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर २०२० ला थांबलं, ग्रेट वॉल या चिनी गाडी कंपनीने घ्यायचं ठरलं होतं ते २०२२ ला फिसकटलं, ऑगस्ट २०२३ ला ह्युंदाईने करार केला. मशीन, जमीन सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं, कामगार कोर्टाच्या फेऱ्या मारत राहिले. गुंतवणूक आली की मोठे फोटो, जुन्या लोकांचं काय हे विचारायला कोणी येत नाही.

हिशेबनीस: भांडण बाजूला ठेवा, आधी ५ लाख म्हणजे काय ते बघू. मिस्टरांचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) १८,२०० आणि पगार २८,००० असा धरतो, तुम्ही तुमचे आकडे घाला. ग्रॅच्युइटी १८,२०० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १७, म्हणजे १,७८,५००. बंद केल्याची भरपाई वर्षाला १५ दिवसांचा पगार, साधारण १४,००० गुणिले १७, २,३८,०००, पगार कशाला धरतात त्यावर थोडं इकडेतिकडे होईल. झाले ४,१६,५००. म्हणजे कायद्याने देणं लागतंच तेच "पॅकेज" म्हणून गिफ्ट रॅप करून देतायत, वर उरले ८३,५००, त्यात शिल्लक रजा धरल्या तर आणखी कमी. आणि मेन मुद्दा, राजीनामा किंवा व्हीआरएस सही केली की तुम्ही "स्वतःहून" सोडली. दीर १४ हजारात म्हणजे ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा) असणार (पगार २१ हजारांपर्यंत), कंपनी बंद झाली तर ईएसआयचा बेकारी भत्ता असतो, अटल बीमित योजनेत ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ५० टक्के, आयुष्यात एकदाच, मुदत वाढवत वाढवत चालवतात म्हणून चालू आहे का ते आधी विचारा. स्वतःहून सोडली लिहिलं तर तोही गेला. पोरांना सांगा कोऱ्या कागदावरही सही नको.

जुना_युनियनवाला: @खरडपट्टी बरं झालं सांगितलंत, मी जुन्यातच होतो. ताई, मग एकेकटे टेबलाला जाऊच नका. बोलावलं तर चार जण मिळून जा आणि म्हणा की लेखी द्या. एकटा माणूस शुक्रवार बघतो, चाळीस जण उभे राहिले की एचआरवाला सोमवार बघतो.

सिडकोची_वहिनी: सगळ्यांचे आभार, दादा तुमचा हिशेब मिस्टरांना दाखवला, पे स्लिप काढून बघितली तर बेसिक डीए १७,४०० निघाला, त्यांनी स्वतःच कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं आणि मग काहीच बोलले नाहीत, फक्त फॉर्म परत पाकिटात घातला. दिरांना आत्ताच फोन केला, त्यांनी कालच सही केलीय.